घराची संमती

मी आठवीत असताना आमच्या प्रभागात काविळीची साथ आली आणि मलाही कावीळ झाली. डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा झाला होता, फोडणीच्या वासानेसुद्धा मळमळत होते, आणि माजघरातल्या पलंगावर पडून मी दिवसभर तुळयांकडे पाहत असे. आजी, म्हणजे वडिलांची आई, दर दोन तासांनी उसाचा रस आणि साळीच्या लाह्या घेऊन उशाशी येऊन बसे. आई त्या वेळी नगरसेविका होती. ज्या दिवशी मला सर्वांत जास्त ताप होता त्याच दिवशी नगरपालिकेची सर्वसाधारण सभा होती. मी तिचा पदर मुठीत धरून ठेवला होता आणि आज जाऊ नकोस असे म्हणाले होते. तिने माझी बोटे एकेक करून सोडवली, कपाळावर हात ठेवला आणि ती सभेला गेली.

त्या दिवसाचा राग मी पुढे किती तरी वर्षे मनात जपला. आज त्याविषयी लिहिताना मला तो राग खोटा वाटत नाही, आणि आईचे जाणेही चुकीचे वाटत नाही. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हे समजून घेण्यासाठी मला अर्धे आयुष्य लागले.

आई कशासाठी गेली होती ते आधी सांगायला हवे. आमच्या भागातली पिण्याच्या पाण्याची वाहिनी कित्येक वर्षांपूर्वी टाकलेली होती, आणि नंतर बांधलेले गटार तिच्यावरूनच गेले होते. पाणी दिवसातून जेमतेम तासभर येत असे. उरलेल्या तेवीस तासांत वाहिनी रिकामी पडे, तिच्यातला दाब नाहीसा होई, आणि गंजलेल्या सांध्यांतून भोवतालचे सांडपाणी आत शिरे. दुसऱ्या दिवशी पाणी सुटले की पहिल्या लोंढ्याबरोबर ते आमच्या हंड्यांत येत असे. हेपॅटायटिस अ आणि ई या दोन्ही प्रकारच्या काविळी अशाच दूषित पाण्यातून पसरतात, हे तेव्हा आम्हांला नावानिशी ठाऊक नव्हते. पण पहिल्या पाण्याला वास येतो हे प्रत्येक घरातल्या बाईला ठाऊक होते. वाहिनी बदलण्याचा विषय तीन सभांपासून पुढे ढकलला जात होता, आणि त्या दिवशी तो पुन्हा विषयपत्रिकेवर होता. म्हणजे ज्या पाण्याने मला अंथरुणाला खिळवले होते, त्याच पाण्यासाठी आई सभागृहात उभी होती. तेराव्या वर्षी मला एवढेच दिसत होते, की ती माझ्याजवळ नाही.

पुढे महाविद्यालयात असताना मुंबईतल्या समाजवादी नेत्या मृणाल गोरे यांच्याविषयी मी वाचू लागले, तेव्हा पहिल्यांदा मला हा दिवस दुसऱ्या बाजूने दिसला. मृणालताईंचा जन्म 1928 सालचा, माहेरचे आडनाव मोहिले. वैद्यकीय शिक्षण घेत असताना त्या राष्ट्र सेवा दलाच्या आणि समाजवादी चळवळीच्या कामात इतक्या गुंतल्या, की ते शिक्षण त्यांनी अर्धवट सोडले. 1948 साली केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्याशी त्यांनी आंतरजातीय विवाह केला आणि दोघांनी गोरेगाव हे आपले कार्यक्षेत्र मानले. दहा वर्षांत, 1958 साली, बंडू गोरे गेले. मृणालताई तेव्हा तिशीच्या होत्या आणि पदरात लहान मुलगी होती. तीनच वर्षांनी, 1961 साली, त्या मुंबई महानगरपालिकेवर निवडून गेल्या.

चरित्राच्या पुस्तकात ही तीन वर्षे एका परिच्छेदात संपतात, मी मात्र त्या परिच्छेदापाशी नेहमी थांबते. तिशीतली विधवा आणि तिची लहान मुलगी या दोघींकडे त्या काळचे मराठी समाजमन कोणत्या नजरेने पाहत असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. मुलीसाठी जग, आता घर सांभाळ, हे सांगणारे लोक चहूबाजूंनी असतील, आणि त्यांतले बहुतेक जण खऱ्या मायेने सांगणारे असतील. विरोधकांना उत्तर देता येते; मायेने दिलेल्या सल्ल्याला उत्तर देणे फार कठीण असते. मृणालताईंनी ते उत्तर कोणत्या शब्दांत दिले असेल हे मी सांगू शकत नाही, परंतु त्यांनी काय केले हे सर्वांना माहीत आहे. पतीच्या नावाने गोरेगावात स्मारक ट्रस्ट उभा राहिला, आणि त्या स्वतः उपनगरातल्या पाण्याच्या प्रश्नाला भिडल्या. गोरेगाव 1957 मध्ये मुंबई महापालिकेच्या हद्दीत आले होते, पण हद्दीत आल्याने नळाला पाणी येतेच असे नाही. रिकामे हंडे घेतलेल्या बायकांचे मोर्चे त्यांनी पालिकेवर नेले, आणि लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ हे नाव दिले.

या नावाविषयी मला थोडे थांबून बोलायचे आहे. आपल्याकडे राजकारणातल्या पुरुषाला साहेब म्हणतात, भाऊ म्हणतात, दादा आणि अण्णा म्हणतात; पण साहेब हा शब्द नात्याच्या बाहेरचा आहे आणि तो पुरुषाला सहज मिळतो. राजकारणात आलेल्या बाईसाठी मात्र आपल्याजवळ बहुधा नात्याचेच शब्द असतात. ती ताई होते, अक्का होते, माई होते, आणि नवऱ्यामुळे ओळखली जात असेल तर वहिनी होते. माझी आई निवडून आली तेव्हा फलकांवर तिच्या नावापुढे ताई लिहिले होते, तरी गावातली माणसे तिला अखेरपर्यंत वहिनीच म्हणत राहिली, कारण वडील शिक्षक होते, सर्वांचे सर होते, आणि सरांची बायको ती वहिनी. वहिनी या शब्दात आदर असतो, जिव्हाळा असतो. परंतु वहिनीकडे कोणी जाब मागत नाही, आणि वहिनीने जाब विचारावा अशी अपेक्षाही नसते. ‘पाणीवाली बाई’ या नावातल्या बाईला कोणाचे नाते चिकटलेले नाही. तिला फक्त तिचे काम चिकटलेले आहे. मुंबईतल्या सामान्य माणसांनी हे नाव आपणहून दिले, यात त्या माणसांचेही मोठेपण आहे असे मला वाटते.

1972 च्या सुमारास राज्यात दुष्काळ होता, धान्य, तेल, साखर आणि रॉकेल दुर्मीळ आणि महाग झाले होते, आणि महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. तिच्यात समाजवादी मृणालताई आणि प्रमिला दंडवते होत्या, मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर होत्या, भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या तारा रेड्डी होत्या. पक्षांचे आपसांत पटत नव्हते, पण या बायकांचे पटले. लाटणे घेऊन हजारो स्त्रिया रस्त्यावर आल्या, थाळ्या वाजल्या, मंत्र्यांच्या दारापर्यंत हा नाद पोहोचला. लाटण्याच्या मोर्चाची छायाचित्रे पाहताना मला प्रत्येक वेळी एक गोष्ट जाणवते. या स्त्रियांनी राजकारणात येताना घर मागे ठेवले नव्हते. हातात लाटणे होते, मनात रिकामा डबा होता, आणि तोंडी रॉकेलचा भाव होता. घरातला प्रश्न त्यांनी तसाच उचलून रस्त्यावर आणला होता, आणि तो सरकारचा प्रश्न आहे हे सरकारला सांगितले होते. घर आणि सार्वजनिक जीवन ही तराजूची दोन पारडी आहेत, एक वर गेले की दुसरे खाली जाणारच, असे ज्यांना वाटते त्यांनी त्या लाटण्याचा विचार करावा. ते लाटणे नेमके कोणत्या पारड्यात ठेवायचे?

तरीही किंमत असतेच, आणि ती नाकारणे हे अप्रामाणिकपणाचे होईल. आणीबाणीत मृणालताई काही महिने भूमिगत राहिल्या आणि 1975 च्या अखेरीस पकडल्या गेल्या. अकोल्याच्या तुरुंगात त्यांना एकान्तकोठडीत, कुष्ठरोगी आणि मनोरुग्ण स्त्री कैद्यांच्या शेजारी ठेवण्यात आले होते. या काळात त्यांच्या मुलीच्या मनात काय चालले असेल, याचा विचार केल्याशिवाय मला मृणालताईंच्या धैर्याचे कौतुक करता येत नाही, कारण ते धैर्य दोघींनी मिळून दाखवलेले होते. 1977 मध्ये उत्तर मुंबईतून त्या लोकसभेवर गेल्या, तेव्हा ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा गाजली; दिल्लीवाली बाई म्हणजे इंदिरा गांधी. घोषणा मागे राहते आणि आपण ती आठवून सुखावतो. वाट पाहणाऱ्या लेकीसाठी मात्र कोणी घोषणा रचत नाही.

त्याच आणीबाणीत दंडवते पती-पत्नी दोघेही तुरुंगात होते, मधू दंडवते बंगळूरला आणि प्रमिलाताई येरवड्याला. दोघांचे बोलणे पत्रांतून चाले, आणि ती पत्रे तुरुंगाच्या अधिकाऱ्यांनी वाचून मगच पुढे जात. त्या पत्रांविषयी वाचले तेव्हा माझ्या मनात संसार या शब्दाचा अर्थ बदलला. ज्यांना एकमेकांचा चेहरा दिसत नाही, ज्यांच्या ताटात एकमेकांच्या हातचे काही नाही, ज्यांचा मुलगा तिसऱ्याच गावी आहे, अशा दोन माणसांचा संसार दुसऱ्याने उघडून वाचलेल्या कागदांवर टिकून राहिला होता. आपण घर सांभाळणे म्हणजे वेळेवर स्वयंपाक आणि वेळेवर परतणे असे समजतो. प्रमिलाताईंनी घर सांभाळले नाही असे म्हणण्याचे धाडस कोणी करील का? 1980 मध्ये त्या लोकसभेवर निवडून गेल्या, आणि हुंडाबंदीचा कायदा कडक व्हावा म्हणून त्या सभागृहात आणि सभागृहाबाहेर झगडत राहिल्या.

मोठ्या माणसांच्या आयुष्यांवरून मी माझ्या घराकडे येते, कारण ज्या गोष्टीविषयी मला सांगायचे आहे ती मला घरातच कळली. वेळेचा प्रश्न हा या साऱ्यातला सोपा प्रश्न आहे असे माझे मत आहे. बाई सभेला गेली तर पोळ्या कोण करणार, मुलांचा अभ्यास कोण घेणार, हे प्रश्न माणसे वाटून घेऊ शकतात, आणि आमच्या घरात ते त्यांनी वाटून घेतलेही. अवघड प्रश्न तत्त्वाचा असतो. राजकारणातली बाई सचोटीने वागायचे ठरवते तेव्हा तो निर्णय तिचा असतो, पण त्याची किंमत तिचे सगळे घर भरते. जी माणसे निवडणुकीला उभी राहिलेली नाहीत, ज्यांनी शपथ घेतलेली नाही, तीही त्यात ओढली जातात.

आई निवडून आली त्या पहिल्याच दिवाळीत एका ठेकेदाराकडून आमच्याकडे मिठाईचा मोठा डबा आला. आई घरी नव्हती. आम्ही भावंडांनी तो उघडला, तर वरच्या थराखाली एक पाकीट होते, चांदीचे निरांजन होते आणि लाल पट्ट्याचे एक मनगटी घड्याळ होते. ते घड्याळ मुलीचे होते आणि माझ्या मनगटावर अगदी बरोबर बसत होते. माझे वय काय आहे आणि मला कशाची हौस आहे, हे त्या माणसाने कोणाला तरी विचारून घेतले होते. आज त्या गोष्टीची मला भीती वाटते. तेव्हा फक्त आनंद झाला होता. आई आल्यावर तिने डबा पुन्हा बांधला आणि तो परत देण्यासाठी मलाच पाठवले. मी सायकलच्या कॅरिअरला तो डबा बांधून भर बाजारातून गेले. वाटेत रडले. त्या दिवशी मला घड्याळ गमावल्याचे दुःख होते, आणि आईने स्वतः न जाता मला का पाठवले याचा संतापही होता. ती म्हणाली होती, “घड्याळ तुझ्यासाठी आलं होतं, म्हणून ते तुझ्याच हातानं परत गेलं पाहिजे.” हे वाक्य कळायला मला फार वर्षे लागली, आणि ते पूर्ण बरोबर होते की नाही याविषयी मी आजही ठाम नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलीवर एवढे ओझे टाकावे का? बहुधा टाकू नये. परंतु आईजवळ तेव्हा दुसरा कोणता मार्ग होता, हेही मला सांगता येत नाही.

त्याहून मोठी किंमत वडिलांनी भरली. वाहिनीच्या कामाच्या निविदेत आईने हरकत नोंदवली आणि ती इतिवृत्तात लिहून घ्यायला लावली. पुढच्या जूनमध्ये वडिलांची बदली संस्थेच्या दूरच्या शाखेत झाली. कारण विचारल्यावर शैक्षणिक गरज असे उत्तर मिळाले. तीन वर्षे वडील पहाटेच्या एस.टी.ने जात आणि रात्री परत येत. त्या तीन वर्षांत मी त्यांना आईविरुद्ध एक शब्द बोलताना ऐकले नाही, आणि आईला त्यांच्याजवळ दिलगिरी व्यक्त करतानाही पाहिले नाही. लहानपणी मला हे विचित्र वाटत असे. आता वाटते, की दिलगिरीची गरजच उरली नव्हती, कारण त्यांचे बोलणे आधी झालेले होते.

ते बोलणे झाले त्या रात्रीची मला आठवण आहे. आमचा प्रभाग स्त्रियांसाठी राखीव झाला होता. 74 व्या घटनादुरुस्तीनंतर नगरपालिकांत एक तृतीयांश जागा स्त्रियांना मिळू लागल्या होत्या आणि आईने उभे राहावे असे काही लोक सांगायला आले होते. ते गेल्यावर आई, वडील आणि आजी माजघरात बसले. आजी फारशी शिकलेली नव्हती, पण घरातल्या कोणत्याही मोठ्या गोष्टीत शेवटचा शब्द तिचा असे. ती म्हणाली, “ज्याला जे बोलायचं ते आज बोला. उद्या ही बाहेर पडली की तिच्या पाठीमागं या घरात कोणी काही बोलायचं नाही.” वडिलांनी दोनच गोष्टी सांगितल्या. आपण नगरपालिकेची पायरी कधी चढणार नाही, आणि कोणत्याही कागदावर काय लिहावे हे सुचवणार नाही. त्यांनी हे पाच वर्षे अक्षरशः पाळले. राखीव जागेवर बाई निवडून येते आणि खुर्चीवर नवरा बसतो, हे चित्र आपल्याकडे इतके ठरून गेलेले आहे की सरपंचपती हा शब्द मराठीत रुळला. अशा काळात वडिलांचे ते दूर राहणे मला आईच्या कामाइतकेच मोलाचे वाटते. त्या रात्री आजीने, वडिलांनी आणि आईने जे केले त्याला मी मनातल्या मनात घराची संमती म्हणते. परवानगी हा शब्द मी मुद्दाम वापरत नाही. परवानगी वरचा माणूस खालच्याला देतो, आणि देणाऱ्याला स्वतःला काही द्यावे लागत नाही. संमती देणारा माणूस पुढे येणाऱ्या भाराचा वाटा उचलायला तयार झालेला असतो.

त्या बैठकीत एक उणीव मात्र राहिली. आम्हां मुलांना कोणी विचारले नाही. आम्ही दाराआडून ऐकत होतो. काविळीच्या दिवशीचा माझा राग, घड्याळाच्या दिवशीचा संताप, या साऱ्याचे मूळ कदाचित तिथे होते.

ज्या बाईला अशी संमती मिळत नाही, तिच्याविरुद्ध तिचे घर कसे वापरले जाते, याची उदाहरणे आजही समोर येतात. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडा या गावात एक स्त्री सरपंच झाली. तिची सासू सरकारी जागेवरच्या घरात राहते आणि सरपंचही तिच्याबरोबर तिथेच राहते, अशी तक्रार झाली आणि तिला पदावरून दूर करण्यात आले. आपण नवरा आणि मुलांसह वेगळ्या भाड्याच्या घरात राहतो, असे ती सांगत राहिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 2024 मध्ये न्यायालयाने तिला तिचे पद परत दिले. एक स्त्री आपली सरपंच आहे हे गावकऱ्यांना स्वीकारता आले नाही, अशा अर्थाची नोंदही न्यायालयाने केली. बाई कोणाच्या छपराखाली राहते, या प्रश्नावर तिचे लोकांनी दिलेले पद अवलंबून राहिले. पुरुष सरपंचाविरुद्धही असे अर्ज होतात हे मला मान्य आहे. परंतु बाईच्या बाबतीत सासू, सासर आणि छप्पर या तीन शब्दांना जो जोर चढतो, तो वेगळा असतो.

सभागृह या शब्दातही गृह आहे. ते गृह स्त्रीला किती सामावून घेते, हेही पाहिले पाहिजे. डिसेंबर 2022 मध्ये देवळालीच्या आमदार सरोज अहिरे आपले अडीच महिन्यांचे बाळ घेऊन नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाला आल्या. त्यांची छायाचित्रे सर्वत्र प्रसिद्ध झाली, कौतुक झाले, आणि विधिमंडळात बाळांसाठी हिरकणी कक्ष असावा हा विषय पुढे आला. पुढच्या अधिवेशनात मुंबईत त्या कक्षाची अवस्था पाहून त्यांना डोळ्यांत पाणी आणून तक्रार करावी लागली. कक्षाला हिरकणीचे नाव देणाऱ्यांची भावना चांगली असेल, पण ती कथा मला वेगळ्या कारणाने आठवते. दूध विकायला रायगडावर आलेली हिरकणी सूर्यास्ताला दरवाजे बंद झाल्यामुळे गडावर अडकली आणि घरच्या तान्ह्या बाळासाठी काळोखात कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा गौरव केला आणि त्या जागी बुरूज बांधला. आपण ही कथा लेकीबाळींना सांगतो ती आईच्या धाडसाची म्हणून. सूर्यास्ताला दरवाजा बंद होणे ही गडाची गरज होती, तिथे शत्रूची भीती होती. आपल्या सभागृहांना, पक्षांना आणि बैठकींना असा कोणता शत्रू आहे, की त्यांचे खरे निर्णय रात्री दहानंतर, बाईला सहज पोहोचता येणार नाही अशाच ठिकाणी व्हावेत? आई सांगत असे, की सभेत हात वर करण्यापूर्वीच ठराव कुठे तरी ठरलेला असे. त्या ‘कुठे तरी’ला ती पाच वर्षांत एकदाही गेली नाही. तिला कोणी बोलावले नाही, आणि बोलावले असते तरी ती गेली नसती. या दोन्ही गोष्टींमुळे तिची कामे अडत आणि दुप्पट उशिरा होत.

महाराष्ट्रात 2011 पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, तर लोकसभेत 2024 मध्ये 543 पैकी 74 स्त्रिया निवडून आल्या. 2023 च्या घटनादुरुस्तीने लोकसभेत आणि विधानसभांत एक तृतीयांश जागांची तरतूद केली आहे, ती जनगणना आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर लागू होईल. या तरतुदींचे मी मनापासून स्वागत करते, कारण आईसारखी बाई त्यांच्याशिवाय सभागृहात पोहोचलीच नसती. पण आरक्षण फिरते असते. पाच वर्षे संपली, सोडतीत आमचा प्रभाग खुला झाला, आणि ज्या लोकांनी आईला आग्रहाने उभे केले होते त्यांनी ती जागा आता कोणाला द्यायची याची चर्चा तिच्यासमोरच सुरू केली. अंदाजपत्रक वाचायला, निविदेतली खोच ओळखायला, अधिकाऱ्याला नियम दाखवायला तिला तीन वर्षे लागली होती. शिकून तयार झालेली बाई घरी परतली, आणि शिकण्याची पहिली पायरी दुसऱ्या प्रभागातल्या दुसऱ्या बाईने चढायला घेतली. अपक्ष उभे राहण्याचा तिचा विचार होता. त्या वर्षी आजी अंथरुणाला खिळली होती, आणि आई उभी राहिली नाही. तिच्यावर कोणी दबाव आणला नाही. “माझ्या पाच वर्षांत तुम्ही माझ्यासाठी खोळंबलात, आता मी तुमच्यासाठी थांबते,” असे ती आजीला म्हणाली आणि आजीने तिच्यापुढे हात जोडले. ते जोडलेले हात मी पाहिले आहेत. तेव्हापासून त्याग हा शब्द मी सहजासहजी वापरत नाही.

मृणालताई थांबल्या नाहीत. 1985 मध्ये त्या पुन्हा विधानसभेत गेल्या, विरोधी पक्षनेत्याही झाल्या. गर्भलिंगनिदानाविरुद्ध अशासकीय विधेयक आणून त्यांनी तो विषय सभागृहात उभा केला, आणि 1988 मध्ये असा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य ठरले. नागरी निवारा परिषदेच्या माध्यमातून गोरेगावात सामान्य उत्पन्नाच्या हजारो कुटुंबांना परवडणारी घरे मिळाली. पाण्यापासून सुरू झालेले काम घरापर्यंत आले, हा योगायोग आहे असे मला वाटत नाही. 17 जुलै 2012 रोजी वसईत त्यांचे निधन झाले. त्या दिवशी आईने देवापाशी दिवा लावला होता, आणि दुपारी जेवताना ती एकदाही बोलली नाही.

काही वर्षांपूर्वी मी शेवटी तिला विचारले. कावीळ झाली होती त्या दिवशी मी तुझा पदर धरला होता, तुला आठवते का, असे मी म्हणाले. तिला सगळे आठवत होते. मी कोणत्या रंगाचा परकर नेसले होते तेही आठवत होते. तिने कोणतेही समर्थन केले नाही. ती म्हणाली, “तुझ्या उशाशी आजी होती. त्या सभेत पाण्याच्या बाजूनं बोलायला मी सोडून कोणी नव्हतं.” मग थोडा वेळ ती गप्प बसली आणि म्हणाली, “पण जाताना मी तुला समजावून सांगायला हवं होतं. तू लहान आहेस असं धरून चालले. तेवढं चुकलं माझं.” माझ्या रागाने त्या दुपारी पहिल्यांदा माझी मूठ सोडली.

वाहिनी अखेर बदलली गेली, आईची मुदत संपल्यावर दीड वर्षाने. पाणी अजूनही ठरावीक वेळीच येते. आई आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे. सकाळी नळाला पाणी आले, की ती भिंतीला धरत मोरीपर्यंत जाते, पहिले पाणी थोडे वाहू देते, काचेचा एक पेला भरते आणि तो खिडकीच्या उजेडात धरून पाहते. वास घेते. मग हंडा लावायला मला हाक मारते.